गेम फोर्स चालू असताना बोली गेमच्या खालीच थांबते, तेव्हा काय तपासायचं

ब्रिजमध्ये आमच्या जोडीला हे दुखणं जवळजवळ दीड वर्ष होतं: गेम फोर्स झालेला, म्हणजे गेमपर्यंत (मोठं बक्षीस मिळतं त्या पातळीपर्यंत) बोलायचंच असं ठरलेलं, तरी बोली त्याच्या खालीच थांबायची. दोघांचे मिळून २६-२७ पॉईंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), हुकमाचं फिट चांगलं, आणि तरी स्कोअरवर आमच्या नावापुढे २ इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम धरून फक्त ८ हात. आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी पुण्यात जिथं पेअर्स (तीच पानं सगळ्या टेबलांवर, जोडी विरुद्ध जोडी) खेळतो, तिथं चहाच्या वेळी बोलणं निघालं तेव्हा कळलं की आणखी बऱ्याच जोड्या यातच अडकल्या आहेत. कुणी म्हणतं भिडू झोपला, कुणी म्हणतं सिस्टिमच बदलून टाकू. आमच्या अनुभवात दुखणं झोपेचंही नव्हतं आणि सिस्टिमचंही नव्हतं.

माझे भिडू म्हणजे सहकारनगरच्या आमच्याच सोसायटीतले, वरच्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं ब्रिज खेळत आलेले. मी शिकले अलीकडे, सहा-सात वर्षांत, आणि बरंचसं ब्रिज बेस ऑनलाइन या वेबसाइटवर. ही ओळख करून द्यायचं कारण पुढं येईलच.

ज्या बोर्डानं (म्हणजे पानांच्या एका वाटपानं) आम्हाला जागं केलं तो हा. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे), काका डीलर, विरुद्ध जोडी शेवटपर्यंत पास.

काकांची पानं:
इस्पिक: एक्का, राणी, १०, ७, ४
बदाम: गुलाम, ५
चौकट: राजा, राणी, ९, २
किलवर: ९, २

माझी पानं:
इस्पिक: राजा, ८, ३
बदाम: एक्का, ७, ४
चौकट: १०, ६
किलवर: एक्का, राणी, गुलाम, ८, ६

काका १ इस्पिक, मी २ किलवर, काका २ चौकट, मी २ इस्पिक. यावर काकांनी बोलीच्या कार्डांच्या बॉक्समधलं हिरवं कार्ड काढलं आणि आधीच्या बोल्यांच्या रांगेत, कडेला कड लावून, नीट ठेवून दिलं. पास. माझ्या मनात पुढच्या दोन बोल्या तयार होत्या.

किलवरचा राजा डमीच्या (माझ्या उघड्या पानांच्या) मागं होता, फिनेस (राजा चुकवून राणी-गुलामानं हात घ्यायचा प्रयत्न) फसली, तरी १० हात झाले. आमच्या नावावर १७० लागले. ज्या टेबलांवर ४ इस्पिक बोललं गेलं, तिथं ६२०. टीम्सची मॅच असती तर एका बोर्डावर १० इम्प (तिथले गुण) गेले असते.

परत येताना काका माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. म्हात्रे पुलाच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "अगं, तू परत माझ्या इस्पिकवर आलीस, म्हणजे दहा पॉईंट आणि दोन-तीन पानं, असंच ना? मग मी बारावर पुढं कशाला जाऊ?" मी म्हटलं, "काका, आपलं टू ओव्हर वन ठरलं होतं. २ किलवरलाच गेम ठरला होता." ते म्हणाले, "ते ठरलं होतं गं. पण २ इस्पिक ऐकलं की मला दहाच पॉईंट ऐकू येतात."

मला यात दुखण्याचं मूळ सापडलं. काकांना टू ओव्हर वनचा नियम (१ च्या ओपनिंगवर भिडूनं दुसऱ्या पातळीवर नवा सूट बोलला की गेमपर्यंत जायचंच) तोंडपाठ होता. पण कान जुन्या पद्धतीवर तयार झालेला होता. अकॉल घ्या किंवा गोरेन यांची पद्धत घ्या, तिथं दुसऱ्या पातळीवर नवा सूट बोलायला साधारण १० पॉईंट पुरतात. त्या हिशेबानं १ इस्पिक, २ किलवर, २ चौकट, २ इस्पिक ही मालिका म्हणजे "माझ्याकडे फार काही नाही, तुझ्या पहिल्या सूटवर परत येते", आणि १२ पॉईंटच्या ओपनरनं (पहिली बोली करणाऱ्यानं) त्यावर पास म्हणणं अगदी बरोबर. टू ओव्हर वनमध्ये याच चार बोल्यांचा अर्थ उलटा होतो. २ किलवरनं गेम पक्का केला, आणि २ इस्पिक म्हणजे "हुकूम इस्पिक, आता सावकाश बोलू, वर जागा आहे". आवाज तोच आणि अर्थ दोन, म्हणून चूक नेमकी याच ठिकाणी पुन्हा पुन्हा होते.

तुमच्याही जोडीत एक भिडू जुन्या पद्धतीवर वाढलेला आणि दुसरा नव्या पद्धतीवर, असं असेल, तर पहिल्यांदा हीच मालिका घेऊन बसा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं: २ इस्पिकला किती पॉईंट, आणि पास चालतो का. एकमेकांचा कागद पाहीपर्यंत बोलायचं नाही.

गेमची एवढी धडपड का, हे नव्यानं शिकणारे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये कमी बोलून जास्त हात केले तरी ते गेमच्या हिशेबात धरले जात. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी जहाजावरच्या प्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली, तीत गेमसाठी मोजायचे ते फक्त बोललेले हात. म्हणून आमचे १० हात १० असूनही आठच्याच भावानं गेले. बोललेल्या हातांचे १०० गुण झाले की गेम: ३ नो ट्रम्प (हुकमाशिवाय), ४ बदाम, ४ इस्पिक, ५ किलवर, ५ चौकट. व्हल्नरेबल असाल तर बक्षीस ५००, नसाल तर ३००, आणि खाली थांबलात तर फक्त ५०.

आता मुख्य गोष्ट. गेम फोर्स म्हणजे दिलेला शब्द. "मी गेमपर्यंत येणार" असा शब्द एकानं दिला की दुसऱ्याची पानं पाहून तो मागं घेता येत नाही. १ इस्पिकला तुम्ही साधारण १२ पॉईंट कबूल केलेत. भिडूनं स्वतःचे १३ मोजले, त्यात तुमचे कमीत कमी १२ मिळवले, २५ झाले, आणि मगच २ किलवरचं कार्ड काढलं. म्हणजे तुमची गरिबी त्यानं आधीच हिशेबात धरलेली आहे. तुम्ही पुन्हा तोच हिशेब मांडून "माझ्याकडे तर बाराच" म्हणून पास करता, तेव्हा तेच १२ दोनदा वजा होतात. काकांना हे मी पासबुकच्या भाषेत सांगितलं, एकच रक्कम दोनदा खर्ची पडली असं, आणि ते लगेच पटलं. त्यांची सगळी नोकरीच त्यात गेली होती.

म्हणून शब्द दिला गेल्यानंतर "गेम आहे का?" हा प्रश्न मनात आणायचाच नाही. त्यानंतर दोनच प्रश्न उरतात: कोणता गेम, आणि स्लॅम (१२ किंवा १३ हात) आहे का. पॉईंट मोजणं सोडून आपल्या पानांचा आकार सांगायला लागायचं.

शब्द खोटा पडत असेल तर

आमच्या बाबतीत दुसरा दोष माझ्याकडे निघाला. काका पास म्हणत होते यामागं एक कारण असंही होतं की मी अधूनमधून १० पॉईंटवरही २ किलवर म्हणत होते. अशी पानं:

इस्पिक: ८, ३
बदाम: राजा, ७, ४
चौकट: १०, ६, २
किलवर: एक्का, राणी, गुलाम, ८, ६

इतका सुंदर किलवर सूट दिसत असताना १ इस्पिकवर १ नो ट्रम्प म्हणायला माझं मन तयारच व्हायचं नाही. पण टू ओव्हर वनमध्ये इथं १ नो ट्रम्पच म्हणायला लागतं. मी २ किलवर म्हणून दोन-तीनदा जोडीला ३ नो ट्रम्पमध्ये नेऊन पाडलं, आणि काकांचा माझ्या २ किलवरवरचा भरवसा उडाला. भिडूचा भरवसा उडाला की तो आपल्या पानांवरून निर्णय घ्यायला लागतो, आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. आता माझा मापदंड असा: मोजून १३, किंवा सूट खरोखर चांगला असेल तर १२. इस्पिकला तीन पानं आणि १०-११ पॉईंट असतील तर आधी १ नो ट्रम्प आणि मग उडी मारून ३ इस्पिक. ते आमंत्रण असतं, शब्द नसतो, आणि ओपनरला पास म्हणायची पूर्ण मोकळीक असते.

तुमच्या जोडीत ओपनर वारंवार पास करत असेल तर त्याला बोलण्याआधी रिस्पॉन्स देणाऱ्याचे (ओपनरच्या भिडूचे) मागचे दहा बोर्ड तपासा. ब्रिज बेस ऑनलाइनवर खेळत असाल तर जुने बोर्ड उघडून पाहता येतात, काम सोपं होतं.

शब्द नेमका कुठं दिला जातो

विरुद्ध जोडी गप्प असेल आणि रिस्पॉन्स देणाऱ्यानं आधी पास केलेला नसेल, तर १ इस्पिकवर २ किलवर, २ चौकट, २ बदाम. १ बदामवर २ किलवर, २ चौकट. या पाचांबद्दल वाद नसतो. १ चौकटवर २ किलवरबद्दल असतो. काही जोड्या तिथं शब्द मानतात, काही मानत नाहीत. आम्ही मानतो.

अट मोडली की शब्दही नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं. १ इस्पिकवर उजवीकडच्यानं २ चौकट टाकलं आणि मी २ बदाम म्हटलं, तर तो गेम फोर्स नव्हे, तो फक्त एका फेरीपुरता. विरुद्ध जोडीनं मध्ये डबल (गुण आणि दंड वाढवणारी बोली) दिलं तरी नाही. मी सुरुवातीला पास म्हणून नंतर २ किलवर म्हटलं तरी नाही, कारण १३ असते तर मीच आधी उघडलं असतं. आमच्या चुकांपैकी काही उलट्या दिशेच्याही होत्या. मध्ये बोली पडलेली असताना काका "शब्द आहे" म्हणून ४ इस्पिकपर्यंत चढले आणि दोन हात कमी पडले.

ओपनरची उडी, म्हणजे १ चौकट, १ इस्पिक आणि मग ३ किलवर, इथंही शब्द दिला जातो, आणि कुणाचा घोळ होताना मी पाहिलेला नाही. १ इस्पिकवर २ नो ट्रम्प ही जेकोबींची बोलीही (इस्पिकला आधार आणि गेम पक्का) तशीच स्पष्ट. २ किलवरच्या जोरदार ओपनिंगलाही शब्द असतो, पण एक अपवाद आहे: २ किलवर, २ चौकट, २ नो ट्रम्प. तिथं ओपनर २२ ते २४ सांगून मोकळा होतो, आणि हातात काहीच नसेल तर पास चालतो.

घोळ होतो तो चौथ्या सूटवर, म्हणजे तीन सूट बोलून झाल्यावर उरलेल्या सूटवर. १ चौकट, १ बदाम, १ इस्पिक, २ किलवर. या २ किलवरचा किलवरशी संबंध असेलच असं नाही. समजा माझ्याकडे

इस्पिक: राजा, ४
बदाम: एक्का, राजा, ८, ६, ३
चौकट: एक्का, ७, २
किलवर: ८, ५, ३

अशी पानं आहेत. १४ पॉईंट आहेत म्हणून गेम तर हवाच, पण कोणता? ओपनरकडे बदामची तीन पानं असतील तर ४ बदाम, किलवर अडवलेला असेल (त्यात हात घेईल असं पान असेल) तर ३ नो ट्रम्प, नाहीतर चौकट. २ किलवर म्हणजे "मला आणखी सांग". ओपनर २ बदाम म्हणाला तर तीन बदाम, २ नो ट्रम्प म्हणाला तर किलवर अडवलेला. अडचण एवढीच की चौथा सूट अकॉलच्या जुन्या पद्धतीत एका फेरीपुरता फोर्सिंग होता आणि टू ओव्हर वन खेळणारे बहुतेक जण तो गेमपर्यंत मानतात. आम्ही गेमपर्यंत धरला. १ किलवर, १ चौकट, १ बदाम, १ इस्पिक ही एक मालिका वेगळी काढली. तिथं १ इस्पिक एका फेरीपुरतं. तुम्ही काहीही धरा, पण कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीचं काय ठरलंय ते लिहायच्या कार्डावर) लिहा. "आपलं ठरलेलंच आहे" असं म्हणणाऱ्या दोघांचं बहुधा दोन वेगळ्या गोष्टी ठरलेल्या असतात.

सावकाश बोलणं म्हणजे ताकद

शब्द पाळायला लागल्यावर आमची पुढची अडचण अशी झाली की काका घाईघाईनं गेमला उडी मारायला लागले. चुकून पास होऊ नये म्हणून. त्यांची भीती मला समजत होती, पण यानं स्लॅम हुकत होते.

गेम फोर्समध्ये गेमला थेट उडी म्हणजे सगळ्यात कमजोर बोली. "माझ्याकडे कबूल केल्यापेक्षा काहीही जास्त नाही." ज्याच्याकडे काही आहे तो सावकाश बोलतो, कारण बोली गेमच्या आधी थांबणार नाही याची त्याला खात्री असते. वरच्या बोर्डावर २ इस्पिकनंतर काकांची बरोबर बोली ४ इस्पिक होती. आता त्याच पानांत एक बदल करा: बदामचा गुलाम काढा आणि किलवरचा राजा द्या.

इस्पिक: एक्का, राणी, १०, ७, ४
बदाम: ५
चौकट: राजा, राणी, ९, २
किलवर: राजा, ९, २

आता २ इस्पिकवर काका ३ किलवर म्हणतात. पाच इस्पिक, चार चौकट, तीन किलवर, म्हणजे बदामला एकच पान, हे मला बसल्या जागी कळतं. माझे बदामचे छोटे पत्ते आता ओझं राहत नाहीत. इस्पिकचे पाच हात, किलवरचे पाच, बदामचा एक्का, आणि चौकटचा एक्का त्यांना देऊन चौकटचा एक: १२. सगळे मिळून २८ पॉईंट आणि ६ इस्पिक. उडी मारून ४ इस्पिक म्हटलं असतं तर मी तिथंच थांबले असते. एक पान इकडचं तिकडे झालं आणि योग्य बोली सगळ्यात वेगवान होती ती सगळ्यात संथ झाली. मला या खेळातली ही जागा फार प्रिय आहे. काकांनी हा बोर्ड स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आहे.

विरुद्ध जोडी मध्ये उडी मारते तेव्हा

शब्द दिला गेल्यावर विरुद्ध जोडीनं ५ बदाम टाकलं तर? आता आपला पाससुद्धा फोर्सिंग असतो. "मी ठरवत नाही, तू ठरव: डबल दे किंवा वर जा." दोघांनी पास म्हणून त्यांना सोडून देणं शब्द मोडण्यासारखंच आहे. ते व्हल्नरेबल नसतील आणि तीन हातांनी पडले तर डबलशिवाय १५०, डबलनं ५००. आपल्या ६२० च्या ठिकाणी १५० घेऊन उठलं की पेअर्समध्ये तो बोर्ड गेलाच.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. भिडूनं गेम फोर्समध्ये पास टाकला तर टेबलावर चेहरा करायचा नाही, कार्ड आपटायचं नाही. आणि विरोधकांनी विचारल्यावर भिडूनं दिलेल्या उत्तरातून तुम्हाला आठवलं की "अरे, हा तर गेम फोर्स होता", तर त्या आठवणीचा फायदा घ्यायचा नाही. ती अनधिकृत माहिती झाली. ब्रिजच्या नियमावलीतला नियम १६ याचसाठी आहे. माझं असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा मी जशी विसरले होते तशीच बोली मला पुढं न्यावी लागली. जोडीतला विश्वास यानं वाढतो, असं मी अनुभवानं म्हणते.

आमचा सराव

रविवारी सकाळी काकांच्या डायनिंग टेबलावर, काकूंचे पोहे झाले की. गड्डीतून चारही सूटमधल्या दुर्री, तिर्री आणि चौकी काढायच्या. उरतात ४० पानं आणि त्यांत ४० पॉईंट. दोघांना तेरा-तेरा वाटायची, उरलेली चौदा बाजूला. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १३ पॉईंट येतात, म्हणजे गेम फोर्सच्या मालिका भराभर तयार होतात. पूर्ण गड्डी पिसून वाटत बसलं तर तासाभरात दोन-तीनच मिळायच्या.

बोलताना एकच जास्तीचा नियम: ज्या बोलीला शब्द दिला गेला असं वाटतं, तिथं दोघांनी मोठ्यानं "शब्द" म्हणायचं. दोघांचा आवाज एकाच बोलीला आला नाही तर बोली तिथं थांबवायची आणि आधी तेवढंच सोडवायचं. पहिल्या रविवारी आमचे आवाज फार कमी वेळा जुळले. सहाव्या-सातव्या रविवारी बहुतेक जुळायला लागले. गुरुवारी टेबलावर हे अर्थातच मनातल्या मनात.

एक जागा अजून सुटलेली नाही. १ इस्पिक, २ चौकट, २ इस्पिक, ३ चौकट. काका म्हणतात इथं अपवाद ठेवू, म्हणजे

इस्पिक: ५
बदाम: राजा, ७, ३
चौकट: एक्का, राणी, गुलाम, ९, ६, ४
किलवर: गुलाम, ८, २

अशा ११ पॉईंटच्या पानांना २ चौकट म्हणता येईल आणि ३ चौकटवर ओपनर पास म्हणू शकेल. माझं म्हणणं, ही पानं १ नो ट्रम्पमधून जाऊ द्यात, नाहीतर १६ पॉईंट आणि सहा चौकट असतील तेव्हा मी सांगायचं कसं? काकांकडेही याचं उत्तर आहे, ते म्हणतात तेव्हा दुसरा सूट बोलून वेळ काढ. दोन रविवार यावर गेले आहेत. कार्डावरची ती ओळ सध्या पेन्सिलनं लिहिलेली आहे.